ओषधींची ओळख आणि गृहस्थाचे शिष्यत्व

गृहस्थाने आपल्या मुलांना काय शिकवावे याची चर्चा आपल्या ग्रंथांत पुष्कळ आहे. परंतु गृहस्थाने आपल्या मुलांबरोबर काय शिकावे या प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शिकवणे आणि बरोबर शिकणे या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांतील भाव निराळा आहे. पहिल्या क्रियेत पिता आसनावर असतो आणि पुत्र खाली. दुसऱ्या क्रियेत दोघेही एकाच सतरंजीवर बसतात व गुरूचे आसन तिसऱ्या कोणासाठी मोकळे राहते. वनौषधींची ओळख हा विषय या दुसऱ्या प्रकारात मोडतो असे आमचे मत आहे. ते मोकळे आसन कोणाचे, आणि ओळख झाल्यावर त्या वनस्पतीवर आपला हक्क किती, हे दोन प्रश्न येथे विचारासाठी घेतले आहेत.

ज्या नगरात बसून हे लिहीत आहे त्याचे नावच गुरूवरून पडले आहे. दिल्लीच्या दक्षिणेस, अरवलीच्या उत्तर टोकाकडील टेकड्यांच्या आश्रयाने वसलेल्या या गावाला पूर्वी गुडगाव म्हणत. 2016 साली हरियाणा सरकारने त्याचे गुरुग्राम असे नामकरण केले. हे गाव द्रोणाचार्यांना मिळाले होते अशी इकडची परंपरा आहे. येथील शीतलामातेच्या मंदिरात मुलांचे जावळ काढण्यासाठी दूरदूरची माणसे येतात आणि ही देवी म्हणजेच द्रोणपत्नी कृपी, अशी त्यांची श्रद्धा आहे. आज हे नगर उंच इमारतींचे आणि कचेऱ्यांचे झाले आहे. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे आहेत. त्यांच्या मुलांनी अडुळसा हा शब्द आजीच्या तोंडून, फार तर खोकल्याच्या बाटलीच्या संदर्भात ऐकलेला असतो. घरापासून दोन-तीन कोसांवर अरवलीच्या उतारावर तोच अडुळसा ताटव्यांनी वाढला आहे हे मुलांना ठाऊक नसते आणि बहुधा त्यांच्या आईबापांनाही नसते.

येथे पहिली शंका उपस्थित होते. जो स्वतः अनभिज्ञ आहे त्याने मुलांना घेऊन रानात जावे तरी कशाला? शाळा आहेत, उद्याने आहेत, जाणकार मंडळी आहेत. हे काम त्यांच्यावर सोपवावे. शंका रास्त आहे, पण तिच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. ते असे की मुलासमोर बापाने सर्वज्ञ दिसले पाहिजे. आजच्या शहरी मुलाला बापाचे अज्ञान पाहायलाच मिळत नाही. अडले की बाप हातातल्या मोबाइलला विचारतो आणि उत्तर जणू आपल्या पदरचेच असल्याप्रमाणे सांगतो. रानातल्या झुडपापुढे ही युक्ती पुरी पडत नाही. मोबाइल पानाचे चित्र घेऊन नाव सांगतो हे खरे. पण तोही पुष्कळदा दोन-तीन नावे पुढे करतो व निवड आपल्यावर सोडतो. अशा वेळी ‘मला ठाऊक नाही, आपण विचारू या’ हे वाक्य उच्चारण्यावाचून गत्यंतर नसते. तैत्तिरीय उपनिषदातील ज्या शांतिमंत्राने आपल्याकडे अध्ययनाला आरंभ होतो, त्याचे व्याकरण पाहावे. तो द्विवचनात आहे. त्यातील मागणे एकट्या शिष्याचे नाही. शिकवणाऱ्यालाही त्यात रक्षण मागावे लागते आणि तेजही. पाठ करताना हे द्विवचन आपल्या जिभेवरून सहज निसटून जाते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. औषधे हा वैद्याचा प्रांत. गृहस्थाने व त्याच्या लेकरांनी त्यात लुडबूड केल्यास अर्धवट ज्ञानाने अनर्थ ओढवेल. या शंकेचे उत्तर देण्यापूर्वी दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. संस्कृतात ओषधि निराळी आणि औषध निराळे. मराठीत आपण त्यांची सरमिसळ करतो. फळ पिकले की जिचे आयुष्य संपते ती ओषधि, असा अर्थ कोशकारांनी दिला आहे; त्या अर्थाने गहू आणि साळ याही ओषधीच ठरतात. औषध म्हणजे ओषधीपासून सिद्ध केलेले द्रव्य. दोहोंच्या मध्ये वैद्याचे ज्ञान, मात्रा, ऋतू आणि रोग्याची प्रकृती एवढे मोठे अंतर पसरलेले आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी सोमरूपाने सर्व ओषधींचे पोषण करणारा तो मीच, असे सांगितले आहे, आणि नवव्या अध्यायात यज्ञाची अंगे मोजताना औषध हेही आपलेच रूप म्हटले आहे. भाषांतर करताना या दुसऱ्या ठिकाणी लेखणी थबकते. कारण शांकरभाष्यात तेथील औषध शब्दाचे, प्राणिमात्र खातात ते अन्न आणि रोग शमवणारे भेषज, असे दोन्ही अर्थ दिले आहेत. आपल्या विषयापुरते एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले: मुलांबरोबर शिकायचे ते ओषधींविषयी. औषधाची विद्या वैद्याच्याच घरी राहू द्यावी.

मग ओषधींविषयी शिकायचे तरी काय? आरंभ नावांपासून करावा. जुन्या पाठशाळेत अमरकोश मुखोद्गत करण्याची रीत होती व त्याच्या दुसऱ्या कांडात वनौषधिवर्ग आहे. मुले शेकडो नावे घडाघडा म्हणत, आणि ज्या वनस्पतीची सात-आठ नावे तोंडपाठ आहेत ती पाठशाळेच्या कुंपणावर चढलेली असली तरी तिची व त्यांची ओळख नसे. ही उणीव पद्धतीची होती. कोशाचा त्यात दोष नव्हता. कारण ती नावे म्हणजे नुसते ध्वनी नव्हेत, ती एकेक खूण आहे. गुळवेलीला छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी रुजणारी. तिचा वीतभर तुकडा कुंपणाला नुसता टांगून ठेवावा. काही दिवसांत त्याला कोंब फुटलेला मुले स्वतः पाहतील आणि तो शब्द जन्मभर विसरणार नाहीत. अडुळशाला सिंहास्य म्हणतात. वसंताच्या तोंडावर त्याला पांढरी फुले येतात तेव्हा एक फूल बाजूने न्याहाळावे म्हणजे जबडा पसरलेला सिंह दिसतो. आघाड्याला खरमंजरी म्हणतात ते का, हे धोतराला किंवा पायमोजाला चिकटलेली त्याची बोंडे सोडवताना कळते. अश्वगंधेच्या मुळाला घोड्याचा वास येतो म्हणे. गुरुग्रामच्या मुलांनी घोडा जवळून हुंगलेला नसतो, त्यामुळे येथे उपमानच अज्ञात राहते, ही गोष्ट वेगळी. असो.

नावांचा दुसरा धडा याहून कठीण आहे. एकच नाव निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतींना दिलेले आढळते. ब्राह्मी म्हटले की कोणी पाण्याकाठची बारीक मांसल पानांची वनस्पती दाखवतो, तर कोणी बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पी उत्तरेत जमिनीलगत पसरते, आणि केरळात त्याच नावाने आपल्या गोकर्णीचा वेल वापरतात. रास्ना तर उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरीच. भाषांतर करणाऱ्याला ही अडचण रोजची आहे. कोशात शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली असे होत नाही. मराठी घरातून हरियाणात आलेल्या मुलाला हाच धडा आपोआप मिळतो. येथे लोक ज्याला आक म्हणतात ती आपली रुई, जांटी म्हणतात ती शमी आणि गिलोय म्हणतात ती गुळवेल. आईने मराठी नाव सांगावे, शेजारणीने इकडचे सांगावे, पंडिताने संस्कृत सांगावे, आणि मुलाने झाडाकडे पाहून तिन्ही नावे एकाचीच की कसे याचा निवाडा करावा. नाम आणि रूप यांच्या संबंधाची वेदान्तातील चर्चा पुढे त्याच्या वाचनात येईल तेव्हा ती त्याला परकी वाटणार नाही.

आता मोकळ्या आसनाविषयी. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात एक विधान आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधतो. वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे इतर लोक जाणतात, असे तेथे म्हटले आहे. पुढे लगेच असेही सांगितले आहे की केवळ नामरूप जाणल्याने कोणी पारंगत होत नाही. उपयोगाची रीत जाणणारा त्याहून श्रेष्ठ आणि देश, काळ व प्रत्येक माणसाची प्रकृती ओळखून योजना करणारा सर्वांत श्रेष्ठ. येथे श्रेणी आहे हे उघड आहे. परंतु त्या श्रेणीची पहिली पायरी शास्त्रकाराने गुराख्याच्या हवाली केली आहे, पंडिताच्या केलेली नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्यासाठी नमस्कार, विनम्र प्रश्न आणि सेवा ही साधने सांगितली आहेत. तेथील ज्ञान आत्मज्ञान आहे व गुरू तत्त्वदर्शी आहे, हे मान्य. तथापि, ज्याने पाहिले आहे त्याच्याकडे ज्याने पाहिलेले नाही त्याने कसे जावे, याची रीत लहान ज्ञानातही तीच राहते.

येथेच आपली परीक्षा होते. गुरुग्रामच्या मोठ्या वसाहतींत हिरवळ राखणारा जो माळी असतो तो बहुधा दूरच्या खेड्यातून पोटासाठी आलेला असतो. कुंपणाच्या आत त्याला कोणी नावाने ओळखत नाही. मुले त्याला ‘ए भैया’ म्हणून हाक मारतात, कारण त्यांनी मोठ्यांकडून तेच ऐकलेले असते. तणनाशक मारण्याआधी तो पुनर्नव्याची चार पाने खुडून भाजीसाठी पदरात टाकतो; त्याला ते तण नसून अन्न आहे हे ठाऊक असते. आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात धाकट्या मुलीने आपल्या वडिलांना विचारले, “बाबा, माळीकाकांना एवढी झाडे ठाऊक आहेत, मग ते आपल्या दारातून आत का येत नाहीत?” वडिलांनी काय उत्तर दिले ते येथे महत्त्वाचे नाही. पुढच्या रविवारपासून ते तिघे, म्हणजे बाप, मुलगी आणि माळी, सकाळी तासभर वसाहतीच्या भिंतीलगत हिंडू लागले आणि फेरी संपली की त्यांचा चहा घरात बसून होऊ लागला. मुलीने एक वही केली आहे. तिच्यात वनस्पतीचे मराठी नाव, इकडचे नाव, वाळवलेले पान, आणि शेवटी एक रकाना ‘कोणी सांगितले’ असा. हा शेवटचा रकाना आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला.

तसे वाटण्याला कारण आहे. गुरूच्या या गावात एक न मिळालेला शिष्यही आठवला जातो. येथील खांडसा गावात एकलव्याचे मंदिर आहे व त्याने अंगठा कापून दिला तो येथेच, असे गावकरी सांगतात. महाभारताच्या त्या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याचा हेतू नाही. पण वनवासी माणसाचे कसब घ्यायचे आणि त्याचा अंगठाही ठेवून घ्यायचा, हा व्यवहार ओषधींच्या बाबतीत आपण आजवर करीत आलो आहोत. धनगराने, ठाकराने, वैदूने मूळ दाखवायचे. ग्रंथात, बाटलीवर आणि नफ्यात नाव मात्र दुसऱ्याचे. याला सन्मान्य अपवादही आहेत. सतराव्या शतकात कोचीच्या डच गव्हर्नराने, हेंड्रिक व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला. 1678 ते 1693 या काळात त्याचे 12 खंड प्रसिद्ध झाले. त्याला माहिती पुरवणारे इट्टी अच्युतन् हे वंशपरंपरेचे मलयाळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोंकणी ब्राह्मण वैद्य, यांची नावे व निवेदने त्या ग्रंथाच्या आरंभी छापलेली आहेत. तिघा कोंकणी वैद्यांचे 1675 सालचे निवेदन नागरी लिपीत, कोंकणी भाषेत आहे. परक्या राज्यकर्त्याने का होईना, सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवले. आपल्याकडे 2002 सालच्या जैवविविधता कायद्याने असे ज्ञान जतन करणाऱ्यांना लाभात वाटा मिळावा हे तत्त्व मान्य केले. लहान मुलीच्या वहीतला तो रकाना याच तत्त्वाचा घरगुती अवतार आहे.

आता मर्यादेचा विचार करू. 2020 साली महामारी आली तेव्हा देशभर घरोघरी गुळवेल उकळली जाऊ लागली. कुंपणावरचा कोणताही हृदयाकृती पानांचा वेल गुळवेल समजून लोकांनी तोडला. 2021 साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी, गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नव्हती; तिच्यासारखी दिसणारी गाठाळ खोडाची दुसरी एक जात आहे. या वादात कोणाचे पारडे जड, हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण दोन्ही पक्षांचे म्हणणे गृहस्थाला एकाच जागी आणून सोडते. एक पक्ष म्हणतो, खरी असली तरी सांभाळून. दुसरा म्हणतो, आधी खरी आहे की नाही ते पाहा. न ओळखलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे घातक असते, हा इशारा चरकाने फार पूर्वी देऊन ठेवलेला आहे.

आपल्या आजीबाईच्या बटव्यातही हीच दक्षता होती. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा ही द्रव्ये सहाणेवर उगाळताना कोणाचा एक वळसा आणि कोणाचे दोन हे ठरलेले असे. ते वळसे मोजणे हीच मात्रा. शहरात येताना बटव्यातली द्रव्ये आली, क्वचित सहाणही आली. वळसे मात्र मागे राहिले, कारण ते कोठे लिहिलेले नव्हते. म्हणून हे वाचून कोणी तान्ह्या मुलाला गुटी देण्यास प्रवृत्त होऊ नये. त्यासाठी वैद्याचा किंवा डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. मुलांबरोबर पहिल्या वर्षी शिकण्याजोगे आहे ते हे की काय तोंडात घालू नये. महामार्गाच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर किती मोहक दिसते! तिचे मूळ, पान, फूल सारेच विषारी आहे आणि ते विष हृदयावर परिणाम करते. धोत्र्याच्या बियांनी भ्रम होतो. लालकाळी गुंज सोनाराच्या तागडीत शोभते. फुटलेली गुंज पोटात गेली तर जीव जातो. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते. आणि गंमत पाहा, कण्हेर, धोत्रा आणि रुई ही तिन्ही गणपतीच्या एकवीस पत्रींत आहेत. पूर्वजांनी विषारी वनस्पतींनाही देवघरात प्रवेश दिला, पण तो पायांशी. ताटात दिला नाही. पत्री वाहताना मुलांना हा भेद सांगितला पाहिजे व वाहून झाल्यावर हात धुवायला लावले पाहिजेत.

तिसरी शंका मुलांकडूनच येते आणि तिचे उत्तर सर्वांत अवघड आहे. झाड दाखवले की मूल विचारते, “याचा उपयोग काय?” हा प्रश्न ऐकून पालक सुखावतात; मूल जिज्ञासू आहे असे त्यांना वाटते. पण हा प्रश्न जिज्ञासेचा आहे की लोभाचा? उपयोग कळला की हात पुढे होतो. खोकल्यावर चालतो असे ऐकले की अडुळशाची फांदी मोडलीच. तक्षशिलेला शिकणाऱ्या जीवकाची कथा प्रसिद्ध आहे. गुरूने त्याला सांगितले की नगराभोवती योजनभर फिरून ज्याला औषधी गुण नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला आणि त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे गुरूने मानले. या कथेतून जगातील प्रत्येक झाड आपल्या उपयोगाचे आहे असा बोध बहुतेक जण घेतात. कथेतील एका साध्या गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. जीवक रिकाम्या हाताने परतला. योजनभर हिंडून, प्रत्येक झाड पारखून, त्याने त्या फेरीत एकही पान तोडून आणले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो त्याला चोर म्हटले आहे. ओषधीच्या बाबतीत परत देणे म्हणजे काय, हे ठरवल्यावाचून उपयोग शिकवणे म्हणजे चोरीची वाट दाखवणे होईल, असे आम्हास स्पष्टपणे वाटते.

याचे उदाहरण देवघरातच आहे. आपण धूप म्हणून जो गुग्गुळ जाळतो व वैद्य ज्याच्या गुट्या करतात, तो राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात आणि अरवलीच्या डोंगरात वाढणाऱ्या एका काटेरी, सावकाश वाढणाऱ्या झुडपाचा डिंक आहे. जाणता माणूस हलकी खाच पाडतो, डिंक सावकाश गोळा करतो, आणि झाड जगते. अधिक डिंकासाठी खोल घाव घातले की झाड वाळून मरते. असे इतक्या ठिकाणी झाले की आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत हे झुडूप अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. ज्या धुराने आपण देवघर पवित्र करतो त्यामागे असे एखादे मेलेले झाड असू शकते, हे मुलांना सांगावे की नाही? आमच्या मते सांगावे, आणि निखाऱ्यावर चिमूट टाकतानाच सांगावे. मुले त्यावर प्रश्न विचारतील. त्यांतील काहींना पालकांजवळ उत्तर नसेल.

गुरुग्रामजवळ या प्रश्नांची दोन उत्तरे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. एक जुने आहे. फरीदाबादच्या वाटेवर, जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, मांगर बणी नावाचे रान आहे. आपल्या कोकणातील देवराईसारखेच ते एका साधुपुरुषाच्या नावाने राखलेले आहे आणि तेथील फांदी मोडली तर अरिष्ट येते असे आसपासचे गावकरी पिढ्यानपिढ्या मानत आले. त्या धाकाने तेथे धौ नावाच्या झाडांचे दाट वन टिकले. हा धौ आपल्या धावड्याच्या गोतातला. शेळ्यांनी सतत कुरतडला तर तो जमिनीसरसा पसरून राहतो व मोकळा सोडला तर उभा वृक्ष होतो. बणीच्या आत आणि बाहेर ही दोन्ही रूपे एकाच सकाळी मुलांना दाखवता येतात. दुसरे उत्तर नवे आहे. गुरुग्रामच्या कडेला ज्या टेकड्यांवर एके काळी दगडांच्या खाणी होत्या व नंतर वेडी बाभूळ माजली होती, तेथे 2010 सालापासून नागरिक आणि महानगरपालिका यांनी मिळून साडेतीनशेहून अधिक एकरांवर अरवलीचे मूळचे रान पुन्हा उभे करायला घेतले. रानारानांतून बिया गोळा केल्या, रोपे वाढवली, शाळेतल्या मुलांनी ती लावली. राखीव अभयारण्य नसूनही निसर्ग टिकवणारे क्षेत्र म्हणून 2022 साली देशात पहिली मान्यता या अरवली जैवविविधता उद्यानाला मिळाली. तेथे मुले उपयोग विचारण्याऐवजी वय विचारतात असे आमच्या पाहण्यात आले आहे. आपण लावलेल्या झाडाविषयी माणूस आधी तेच विचारतो.

गुरुग्रामच्या ज्या कुटुंबाचा उल्लेख वर आला त्यांच्यापुढे भाद्रपदात प्रश्न उभा राहिला की एकवीस पत्री आणाव्यात कोठून. बाजारात पत्रीचा जुडगा मिळतो. त्यात कोणती पाने बांधली आहेत हे विकणाऱ्याला सांगता येत नाही आणि घेणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही. उद्यानातून पान तोडणे गैर. आजी पुण्याहून दूरध्वनीवर म्हणाली, “जेवढी मिळतील तेवढी वाहा, बाळा, देवाला मोजता येतं पण तो मोजत नाही.” शेवटी त्यांनी ठरवले की जी वनस्पती आपण ओळखतो आणि जी आपल्या कुंडीत वा वसाहतीच्या मोकळ्या जागेत मुबलक आहे, तिचेच एकेक पान घ्यायचे. पहिल्या वर्षी सात पाने झाली: दूर्वा, तुळस, आघाडा, रुई, धोत्रा, डाळिंब आणि पिंपळ. पुढच्या वर्षी माळीकाकांनी माका आणि डोरली दाखवली, आणि रोपवाटिकेतून आणलेली शमी गच्चीवर कुंडीत धरली गेली. यंदा अकरा झाली. शास्त्र्यांच्या दृष्टीने ही पूजा न्यून आहे काय, असे त्या गृहस्थांनी आम्हाला विचारले. एकवीसच्या अभावी अक्षता वाहण्याची सोय आपल्या पूजाविधीत आहेच, असे आम्ही सांगितले. आणि न ओळखलेल्या एकवीस पानांपेक्षा ओळखीची अकरा पाने आम्हाला अधिक पसंत आहेत, हेही सांगितले. काही विद्वानांना हे मत सैल वाटेल.

मराठी घरात वर्षातून एकदा तरी थोरामोठ्यांनी आणि लेकरांनी एकाच वाटीतून ओषधि घेण्याचा प्रसंग येतो, तो पाडव्याचा. कडुनिंबाची कोवळी पाने, ओवा, हिंग, मीठ, गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटून तो गोळा सर्वांनी खायचा. येथे मात्रा ठरलेली आहे, चिमूटभर. दिवस ठरलेला आहे. आणि वडिलांना ते टाळता येत नाही, कारण मुले त्यांच्या तोंडाकडे पाहत असतात. महाराष्ट्रात त्या सुमारास निंबाला मोहोर आलेला असतो व पुष्कळ घरी तोच वापरतात. गुरुग्रामला मात्र चैत्राच्या आरंभी निंबाची पानगळ नुकतीच सरत असते. फांद्यांच्या टोकाला तांबूस पालवी दिसते, मोहोराचा पत्ता नसतो. त्या मुलीने याची नोंद वहीत केली. माळीकाकांनी तिला सांगितले की इकडे मोहोर वैशाखात येतो, ऊन तापले की. ‘कोणी सांगितले’ या रकान्यात तिने त्यांचे नाव लिहिले आणि मोहोराची तारीख टाकायला समोरची जागा कोरी ठेवली.